भेटीचे सूत आणि कातणारीची मजुरी

सूरजागड म्हणताच लोखंडाचा डोंगर डोळ्यांपुढे येतो. दगड फुटतो, गाड्या भरतात, आणि मजुरीचा प्रश्न ओघानेच निघतो. आज आम्ही सुताविषयी बोलणार आहोत. लेकीच्या बाळासाठी टोपी किंवा स्नेह्यासाठी रुमाल हाताने विणून द्यायचा, तर सूत कोणते घ्यावे? प्रश्न घरगुती खरा. परंतु आपल्या इतिहासात तो मजुरीपासून कधीच सुटा राहिलेला नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली. गिरणीचे सूत एकसारखे आणि स्वस्त. विणकराने ते मागावर चढविले. कातणारीचा चरखा मात्र माळ्यावर गेला. पुढे त्याच गिरण्यांतील कामगारांस आपल्या पगारासाठी झगडावे लागले, हे आमच्या चळवळीतल्या माणसाने आपणांस वेगळे सांगावयास नको.

१९२४ साली बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्ष गांधीजी होते. सभासदाने दरमहा २००० वार सूत द्यावे असे तेथे ठरले. ज्यास कातणे नको, त्यास दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची मुभा होती. म्हणजे सूत देणारा एक आणि कातणारा दुसरा! त्या दुसऱ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न राहिलाच.

तो १९३५ साली ऐरणीवर आला. आठ तास कातणाऱ्या बाईस आठ आणे मिळावेत, असा आग्रह गांधीजींनी धरला. खादी महागेल, गिऱ्हाईक फिरकणार नाही, अशी भीती खादी विकणारांनी घातली. मालकांच्या तोंडून आम्ही हेच वाक्य आयुष्यभर ऐकत आलो आहोत. अखेर चरखा संघाने निर्वाहापुरत्या मजुरीचे तत्त्व मान्य केले. वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबांनी तर स्वतः कातून त्या मजुरीवर निर्वाह होतो का, हे अनुभवून पाहिले.

२० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनला राजकन्या एलिझाबेथ यांचे लग्न झाले. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचा, मध्ये ‘जय हिंद’ ही अक्षरे असलेला, जाळीदार विणीचा रुमाल भेट पाठविला. राजघराण्याच्या संग्रहात तो जपलेला आहे. कातणाऱ्याचे नाव जगास ठाऊक आहे. विणणारे हात कोणाचे, हे किती जण विचारतात?

आपल्या गडचिरोली जिल्ह्यातही आरमोरीकडे रानात कोसा होतो. ढिवर कुटुंबे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे सोडतात आणि पाखरे-मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. मग कोष उकळून धागा काढावयाचा. अखंड कोषाचा धागा बारीक व चकचकीत निघतो. फुटक्या कोषाचा कातावा लागतो, तो जाड व खरबरीत.

तेव्हा निवड अशी करावी. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या गुंड्या बसतात, तितका सुताचा अंक. अंक मोठा तितके सूत बारीक. जाळीच्या रुमालास बारीक, चांगल्या पिळाचे सूत. तान्ह्याच्या टोपीस मऊ, सैल पिळाचे. एकेरी सूत विणताना पीळ सोडते, म्हणून दुपदरी घ्यावे. हातसूत आधी धुवावे, कारण ते आटते. रंगीत सूत लागेल तेवढे एकदम घ्यावे. दुसऱ्या घाण्याचा रंग जुळेलच असे नाही.

आणि घासाघीस करण्यापूर्वी दुकानदारास एक प्रश्न अवश्य विचारावा : यातले कातणारीस किती मिळतात? उत्तर त्याला ठाऊक नसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न केला, तर अकराव्यासाठी त्याला ते शोधून ठेवावे लागेल. आमच्या संघटनेचे कामही अशाच एका प्रश्नापासून सुरू होते.