जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी योग्य सर्जन कसा शोधायचा?

कुणाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, कुणाची हनुवटी आत गेलेली असते, तर कुणाचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत आणि पोळीचा तुकडाही दातांनी तोडता येत नाही. असा दोष दातांचा नसून हाडाचा असेल, तर फक्त तारा लावून तो पूर्णपणे जात नाही. जबड्याचं हाड कापून योग्य जागी सरकवावं लागतं आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रू लावून पक्कं करावं लागतं. याला 'ऑर्थोग्नॅथिक सर्जरी' म्हणतात. बहुतेक लोक 'जॉ सर्जरी' म्हणतात.

रीलमध्ये आधीचा आणि नंतरचा चेहरा अर्ध्या मिनिटात दिसतो. प्रत्यक्षात आधीच्या तारा, ऑपरेशन आणि नंतरच्या तारा धरून साधारण दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ जातो. त्यामुळे सर्जन निवडताना फोटोंच्या पलीकडे बरंच काही तपासावं लागतं.

ही शस्त्रक्रिया कोण करतं?

भारतात हे काम प्रामुख्याने ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन करतात. इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं बीडीएस आणि त्यानंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस, असं त्यांचं शिक्षण असतं. इथे एक गोष्ट नीट पाहा. एमडीएस नऊ वेगवेगळ्या शाखांमध्ये करता येतं. हिरड्यांचे तज्ज्ञ, लहान मुलांचे दंततज्ज्ञ, कृत्रिम दात बसवणारे, सगळेच एमडीएस असतात. त्यामुळे पाटीवर नुसतं 'एमडीएस' लिहिलेलं असेल, तर त्यावरून जबड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल काहीच कळत नाही. कोणत्या शाखेतलं, हे विचारायचं. काही प्लास्टिक सर्जनही ही शस्त्रक्रिया करतात. त्यांच्याकडे एमबीबीएस आणि एमएसनंतर सहसा प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच ही पदवी असते.

दंतवैद्यांची नोंदणी राज्याच्या दंत परिषदेकडे होते, म्हणजे महाराष्ट्रात महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे आणि गोव्यात गोवा राज्य दंत परिषदेकडे. प्लास्टिक सर्जनची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवर असायला हवा. नसेल तर मागा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. 'फेलोशिप' या शब्दाने मात्र लगेच भारावून जाऊ नका. ती वर्षभर एखाद्या मोठ्या रुग्णालयात काम करून मिळालेली असू शकते किंवा चार दिवसांच्या कोर्सचीही असू शकते. कुठे आणि किती महिने, एवढं विचारलं की उलगडा होतो.

तारा लावायच्या आधीच सर्जनला भेटा

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सर्वाधिक वेळा राहून जातो. बहुतेक लोक आधी तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टकडे जातात. वर्ष-दीड वर्षाने चेहरा तसाच दिसतो, तेव्हा सर्जनचा विषय निघतो.

अडचण अशी की, शस्त्रक्रिया करायची असेल तर दात एका दिशेला सरकवावे लागतात आणि करायची नसेल तर बहुतेक वेळा नेमके उलट्या दिशेला. खालचा जबडा पुढे आहे असं समजू. शरीर ते सांभाळून घेतं: खालचे दात आत झुकतात, वरचे बाहेर. शस्त्रक्रियेशिवाय भागवायचं असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट हाच झुकाव आणखी वाढवतात. त्यासाठी कधी खालच्या दोन उपदाढाही काढतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हेच दात सरळ उभे करावे लागतात, म्हणजे हाड सरकवल्यावर वरचे-खालचे दात नीट जुळतात. या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. त्याची कल्पना कुणी दिलेली नसेल, तर पेशंट आणि घरचे घाबरतात.

पहिला रस्ता धरून दात काढले आणि नंतर शस्त्रक्रिया ठरली, तर ते सगळं उलटं फिरवावं लागतं. काढलेले दात परत येत नाहीत. म्हणून सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट यांनी सुरुवातीलाच एकत्र बसून आराखडा ठरवायला हवा. 'तुम्ही दोघांनी मिळून याआधी किती केसेस केल्या आहेत?' हा प्रश्न माझ्या मते कोणत्याही पदवीपेक्षा जास्त माहिती देतो.

वयाचाही प्रश्न आहे. जबड्याची वाढ थांबल्याशिवाय सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. मुलींमध्ये ती साधारण सोळा-सतरापर्यंत थांबते, मुलांमध्ये अठरा किंवा त्यानंतर. पुढे आलेला खालचा जबडा तर आणखी उशिरापर्यंत वाढू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलाला पुढच्या महिन्याची तारीख मिळत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

भेटीत काय विचारायचं?

वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करता? दोन्ही जबड्यांच्या किती? अक्कलदाढ काढण्यात आणि अपघातातले फ्रॅक्चर जोडण्यात निष्णात असलेले सर्जनही ही शस्त्रक्रिया क्वचितच करत असतील, हे शक्य आहे. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं आणि भुलेची नळी सहसा नाकातून घालतात. म्हणून भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि रात्रभर देखरेख असलेलं रुग्णालय हवं.

धोक्यांबद्दल सर्जन काय सांगतात, तेही लक्ष देऊन ऐका. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. शस्त्रक्रियेनंतर तिथे बधिरपणा येणं नेहमीचं आहे. बहुतेकांचा तो काही महिन्यांत कमी होतो, काहींचा थोडाफार कायम राहतो. जबडा काही प्रमाणात जुन्या जागेकडे परत सरकण्याचीही शक्यता असते. 'काही होत नाही, टेन्शन घेऊ नका' एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरा सर्जन शोधा.

खर्चाचं काय?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे खासगीपेक्षा खूप कमी खर्चाचा पर्याय आहे. सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट एकाच छताखाली असतात, हा मोठा फायदा. तिथे विद्यार्थी शस्त्रक्रियेत सहभागी असतात आणि थांबावं लागू शकतं.

आरोग्य विम्यात केवळ दिसण्यासाठीचे उपचार वगळलेले असतात. चावता न येणं किंवा झोपेत श्वास अडकणं असा त्रास असेल, तर सर्जनकडून तो कारणासह लेखी घ्या आणि विमा कंपनीची मंजुरी ऑपरेशनच्या आधीच, लेखीच मागा.

दुसरं मत घ्यायला जाताना स्कॅनची नुसती प्रिंट नेऊ नका. सीबीसीटीच्या मूळ फाइल्स पेनड्राइव्हवर आणि दातांचे साचे सोबत ठेवा. सर्जन दुसऱ्या शहरातले असतील, तर ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत रबर बदलायला आणि दातांची जुळणी तपासायला तुमच्या गावी कोण असेल, हेही आधीच ठरवून घ्या.