विद्येची हुंडी



विद्येचे धन चोराला नेता येत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वचन खरे आहे. परंतु चोराला न नेता येणारे हे धन खुद्द मालकालासुद्धा एका विद्यापीठाच्या वेशीतून दुसऱ्याच्या वेशीत नेणे सोपे नाही. बदली झालेल्या नोकरदाराचा मुलगा, लग्न होऊन परगावी गेलेली मुलगी, घरच्या ओढाताणीमुळे शिक्षण मध्येच सोडलेला तरुण, या सर्वांना नव्या विद्यापीठाच्या खिडकीवर एकच प्रश्न ऐकावा लागतो : तुम्ही तिकडे शिकलात खरे, पण ते आम्ही का मानावे? या प्रश्नाचा इतिहास हाच आजचा विषय आहे.

प्रश्न विद्यापीठांइतकाच जुना म्हणावा लागेल. १२२९ साली फ्रान्समध्ये तुलूझ येथे विद्यापीठ निघाले. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३३ साली त्याला अशी सनद दिली, की तेथे परीक्षेस उतरलेल्या पंडिताला पुन्हा परीक्षा न देता कोठेही अध्यापन करता यावे. सनद मोठी भारदस्त. पण पॅरिस आणि ऑक्सफर्ड ही जुनी, मानी पीठे परक्या पंडिताला सहजासहजी आपल्यात घेईनात. आपल्याकडच्या हुंडीची येथे आठवण होते. एका शहरात लिहिलेली हुंडी दूरच्या दुसऱ्या शहरात वटत असे, ती कागदाच्या जोरावर नव्हे, तर लिहिणाऱ्या पेढीच्या पतीवर. विद्येच्या हुंडीचेही तसेच आहे. सनद वरून मिळू शकते. पत मात्र शेजाऱ्याने मानावी लागते.

पत मानली, म्हणजे काय घडू शकते, याचे एक उदाहरण मोठे हृद्य आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डब्लिन या तीन विद्यापीठांत परस्परांच्या पदव्या मानण्याची जुनी चाल होती. एकीचा पदवीधर दुसरीकडे गेला, की त्याला तीच पदवी तेथेही मिळे. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये स्त्रिया शिकत, परीक्षा देत, उत्तम रीतीने उत्तीर्ण होत. पदवी मात्र त्यांना नव्हती. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडण्यास १९२२ साल उजाडले.

१९०४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने स्त्रियांना प्रवेश दिला आणि जुन्या चालीतून एक वाट आपोआप उघडली. पदवी तेवढी राहिलेल्या या विदुषी आगबोटीने आयर्लंडला जाऊ लागल्या. अभ्यास पूर्वीच झाला होता, परीक्षाही झाली होती. डब्लिनला जाऊन शुल्क भरायचे, झगा चढवायचा आणि पदवी घेऊन परतायचे. १९०४ ते १९०७ या काळात सातशेंहून अधिक स्त्रियांनी असा प्रवास केला. लोकांनी त्यांना ‘स्टीमबोट लेडीज’ हे नाव ठेवले. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या दिल्या १९२० साली, केंब्रिजने १९४८ साली! ज्या घरी विद्या मिळाली त्या घराने जी पावती दिली नाही, ती शेजारच्या घराने दिली.

ही झाली पुरी पदवी. अर्ध्या शिक्षणाचे काय? त्यासाठी माप हवे होते, आणि ते अमेरिकेत तयार झाले. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मोकळीक वाढवीत नेली. प्रत्येकाचे ताट निराळे झाले, म्हणजे कोण किती जेवला हे मोजावे कसे? याचे उत्तर आले ते एका अनपेक्षित दारातून. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. निधी सांभाळणाऱ्या संस्थेने ठरविले, की खरे कॉलेज कोणते हे आधी पाहू. आणि प्रवेशासाठी शाळेतील ठराविक शिक्षण मागणारे तेच कॉलेज, अशी कसोटी लावली. एका विषयाचे सुमारे १२० तास म्हणजे एक परिमाण, अशी चौदा परिमाणे! निवृत्तिवेतनाच्या ओढीने हे तासांचे माप देशभर पसरले, आणि पुढे कॉलेजांतही आठवड्याच्या तासांवर श्रेयांक मोजण्याची रीत पक्की झाली.

माप आले, पण विश्वास आला का? श्रेयांक घेऊन विद्यार्थी नव्या कॉलेजात गेला, की तेथे पाहतात : आधीची संस्था मान्यताप्राप्त आहे काय, गुण पुरेसे आहेत काय, अभ्यासक्रम आमच्याशी जुळतो काय. शिवाय पदवीपैकी ठराविक भाग आमच्याकडेच शिकला पाहिजे, ही अट असतेच. अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने २०१७ साली जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाटेत बुडाले. हे नुसते आकडे नव्हेत. कुणाची तरी वर्षे आहेत, कुणाच्या तरी बापाने भरलेली फी आहे.

युरोपने दुसरी वाट धरली. १९८९ साली तेथे श्रेयांक-बदलीची योजना सुरू झाली. वर्षाला ६० श्रेयांक. आणि मोजायचे ते केवळ वर्गातले तास नव्हेत, तर विद्यार्थ्याचे एकूण श्रम. पण माझ्या मते त्याहून मोलाचा आहे तो १९९७ चा लिस्बन करार. परकी पात्रता मानावी, हा त्यातला नियम. न मानायची असेल तर मोठा फरक आहे, हे नाकारणाऱ्या संस्थेने सिद्ध करावे. म्हणजे पुराव्याचे ओझे विद्यार्थ्याच्या डोक्यावरून उतरून संस्थेच्या डोक्यावर गेले.

आपल्याकडे १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली, ती परीक्षेच्या पायावर. विद्यापीठ बदलायचे म्हणजे स्थलांतराचा दाखला, पात्रतेचा दाखला आणि हेलपाटे, ही आपली परंपरा. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी काढण्याचे नियम केले. विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा राहावेत, सात वर्षांपर्यंत वापरता यावेत, अशी त्यांत सोय केली. पाऊल स्वागतार्ह आहे. पण पेढी ठेव सांभाळते. हुंडी वटवायची की नाही हे शेवटी समोरचा सराफच ठरवतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की खिडकीवरचा प्रश्न बदलला पाहिजे. ‘ते आम्ही का मानावे?’ असे विद्यार्थ्याला विचारण्याऐवजी ‘ते आम्ही का मानू नये?’ असे विद्यापीठाने स्वतःला विचारावे, आणि नकार द्यायचाच तर त्याचे कारण लिहून द्यावे. डब्लिनच्या धक्क्यावर उतरणाऱ्या त्या स्त्रियांना कुणी पुन्हा पहिलीपासून शिकायला लावले नाही. त्यांची विद्या खरी आहे, एवढे एका संस्थेने मानले, आणि तेवढे पुरले.