सुटलेलं शिक्षण पुन्हा धरताना: दूरशिक्षणाच्या वाटा, अटी आणि वेळेचा हिशेब

दहावी झाली आणि निकाह झाला. बारावीत असताना अब्बांची तब्येत बिघडली आणि दुकानावर बसावं लागलं. एफ.वाय.ला प्रवेश घेतला, पण कॉलेज दुसऱ्या गावात म्हणून घरच्यांनी पाठवलं नाही. शाळेच्या पालकसभेनंतर थांबून मुलांच्या अम्मी आणि अब्बा आम्हा शिक्षकांना अशा गोष्टी सांगतात, आणि शेवटी हळूच विचारतात, "सर, आता या वयात काही होऊ शकतं का?"

होऊ शकतं. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. सहा ते चौदा वयोगटातली सुमारे २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती, असं त्यात नमूद आहे. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज तिशीच्या आसपास आहे आणि तिची स्वतःची मुलं शाळेत जातात. म्हणजे हा प्रश्न जुन्या अहवालात राहिलेला नाही, तो आपल्या घरात आहे. म्हणून दूरशिक्षणाने पुन्हा शिकू इच्छिणाऱ्या मोठ्या माणसांसाठी नेमकी माहिती इथे एकत्र देत आहोत.

ही विद्यापीठं कोणती?

ब्रिटनमध्ये १९६९ साली 'ओपन युनिव्हर्सिटी' स्थापन झाली. कॉलेजात रोज हजर न राहता, कामधंदा सांभाळून पदवी घेता यावी हा तिचा हेतू होता. भारतातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला सुरू झालं, तेच आजचं डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ. १९८५ मध्ये केंद्र सरकारचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी मुख्यतः तीन पर्याय आहेत.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक: १९८९ साली राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं हे विद्यापीठ आहे. डॉ. राम ताकवले हे पहिले कुलगुरू आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. मराठीतून शिकायचं असेल तर सगळ्यात सोयीचं हेच. नाशिक, मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, अमरावती, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय केंद्रं आहेत आणि त्यांच्याखाली तालुक्यांपर्यंत अभ्यास केंद्रं आहेत.

इग्नू: कार्यक्षेत्र सगळा देश. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजी किंवा हिंदीतून. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे प्रादेशिक केंद्रं आहेत. परदेशातही अभ्यास केंद्रं असल्यामुळे कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्यांनी याचा विचार करावा. राज्याच्या विद्यापीठाला ती सोय नाही, त्याचं कार्यक्षेत्र राज्यापुरतं असतं.

मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, हैदराबाद: १९९८ साली सुरू झालेलं हे केंद्रीय विद्यापीठ 'मानू' या नावाने ओळखलं जातं. उर्दू माध्यमातून दूरशिक्षणाने बी.ए., एम.ए. यांसारखे अभ्यासक्रम चालतात. दहावी, बारावी किंवा पदवीला उर्दू हा विषय किंवा माध्यम असण्याची अट असते. काही ठराविक मदरशांच्या सनदा हे विद्यापीठ प्रवेशासाठी मान्य करतं. हाफिज किंवा आलिम झालेल्या मुलांनी आपल्या मदरशाचं नाव आणि आपली सनद त्या यादीत आहे का ते आधी पाहावं, मगच पुढचं ठरवावं.

माध्यम निवडताना आम्ही एवढंच सांगू की पदवी कशासाठी हवी ते आधी ठरवा. उर्दू शाळेत शिकवायचं असेल किंवा उर्दू साहित्याची ओढ असेल तर मानू. राज्याच्या नोकऱ्यांच्या परीक्षा द्यायच्या असतील तर मराठीतून लिहिण्याचा सराव पुढे कामाला येतो. शेजारणीने फॉर्म भरला म्हणून आपणही तोच भरायचा, असं करू नये.

बारावी नसेल तर?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पूर्वी काही मुक्त विद्यापीठांत पूर्वतयारीची परीक्षा देऊन बारावीशिवाय पदवीला प्रवेश मिळत असे. त्या काळातली एखादी आठवण सांगून आजही कोणी म्हणतं, "अहो, दहावी-बारावी लागत नाही, थेट बी.ए. होतं." त्यावर विसंबू नका. नोकरी देणारं कार्यालय किंवा पुढचं कॉलेज कागद तपासताना दहावी, मग बारावी, मग पदवी अशी साखळी बघतं. मधली एक कडी नसली की वरची पदवी हातात असूनही अडकते. आज पदवीचा फॉर्म भरण्यापूर्वी बारावी पूर्ण करणं हाच सुरक्षित मार्ग आहे.

त्यासाठी दोन रस्ते आहेत.

पहिला, राज्य मंडळाची परीक्षा खाजगी विद्यार्थी म्हणून देणं. त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी होते, म्हणून पावसाळ्यातच जवळच्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात चौकशी करावी.

दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. केंद्र सरकारच्या या संस्थेत दहावीसाठी किमान वय १४ आहे, कमाल वयाची अट नाही. उत्तीर्ण होण्यासाठी पाच विषय लागतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एक-दोन विषय देऊन पुढे सरकता येतं. दहावीला मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमं आहेत. जुन्या मंडळाच्या परीक्षेत काही विषयांत पास झाला असाल तर त्यातल्या दोन विषयांपर्यंतचे गुण पुढे घेता येतात, म्हणून जुनी गुणपत्रिका फेकू नका.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा

एक, मान्यता. विद्यापीठ मोठं आणि नावाजलेलं आहे एवढं पुरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, दूरशिक्षणाची परवानगी त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमाला आणि त्या सत्रापुरती देतो. ही यादी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर असते. तिथे आपल्या अभ्यासक्रमाचं नाव दिसलं तरच पुढे जावं. २०२४ पासून प्रवेशाआधी याच संकेतस्थळावर 'डेब आयडी' काढावा लागतो आणि त्यासाठी 'एबीसी आयडी' म्हणजे श्रेयांकांचं खातं लागतं. दोन्ही आधारवरून निघतात. यूजीसी बोगस विद्यापीठांची वेगळी यादीही प्रसिद्ध करतं आणि त्या यादीत महाराष्ट्रातलंही नाव राहिलेलं आहे.

दोन, अभ्यासक्रम. वैद्यकीय, दंतवैद्यक, फार्मसी, इंजिनीअरिंग, आर्किटेक्चर, वकिली यांच्या पदव्या दूरशिक्षणाने घेता येत नाहीत. पीएच.डी.ही नाही. कोणी "घरबसल्या एलएल.बी." म्हणत असेल तर तिथेच सलाम करून उठावं. बी.एड. दूरशिक्षणाने होतं, पण ते मुख्यतः आधीच प्रशिक्षण घेऊन शाळेत नोकरी करत असलेल्या शिक्षकांसाठी. नुसतं बी.ए. करून घरी बसलेल्या मुलीला तो प्रवेश मिळेलच असं समजू नये.

तीन, एजंट. "एका वर्षात तीन वर्षांची डिग्री", "मागच्या तारखेची मार्कशीट", "पेपर लिहायलासुद्धा जायचं नाही" यांपैकी एक वाक्य जरी ऐकू आलं, तरी तो सौदा खोटा आहे. नियमाप्रमाणे तीन वर्षांची पदवी एका वर्षात होत नाही. अशा कागदावर नोकरी लागली तरी पडताळणीत ती जाते आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. फी स्वतःच्या हाताने, विद्यापीठाच्या अधिकृत पोर्टलवर भरा आणि पावती जपून ठेवा.

नावाचा घोळ

आपल्या घरांत ही अडचण फार येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं नाव. दाखल्यावर 'शेख' आधी, आधारवर नंतर. एकीकडे 'मोहम्मद' पूर्ण, दुसरीकडे 'मो.'. 'बी' आणि 'बेगम' यांची अदलाबदल तर नेहमीचीच. आधारवरून आयडी काढायचे असल्यामुळे हा फरक पहिल्याच पायरीवर आडवा येतो.

सोपा नियम असा, की शिक्षणाचे सगळे कागद दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाने चालू ठेवावेत. आधारवरचं नाव त्याच्याशी जुळवून घेता येत असेल तर प्रवेशाआधी घ्यावं. निकाहनंतरचं नाव कायम ठेवायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून ती प्रत फाइलमध्ये ठेवावी. या कामाला वेळ लागतो. प्रवेशाची शेवटची तारीख चार दिवसांवर आली असताना धावपळ नको.

शिकायचं कसं?

प्रवेश झाला की छापील किंवा डिजिटल पुस्तकं मिळतात. ती एकट्याने वाचणाऱ्यासाठीच लिहिलेली असतात. छोटे घटक, मध्ये प्रश्न, शेवटी उत्तरं. इग्नूचं साहित्य 'ई-ज्ञानकोश'वर मोफत वाचता येतं, त्यामुळे प्रवेशाआधीच एखादं पुस्तक चाळून आपल्याला झेपेल का हे पाहता येईल. अभ्यास केंद्रावर बहुधा सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं होतात. ती सगळी सक्तीची नसली तरी सुरुवातीच्या एक-दोन सत्रांना जरूर जा. तिथे ओळखी होतात, आणि पुढे "फॉर्म आला का गं?" असं विचारायला कोणीतरी असतं. प्रात्यक्षिकं असलेल्या विषयांना मात्र हजेरी लागतेच.

इग्नूच्या बी.ए.मध्ये साधारण ३० टक्के भार स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेला असतो. दोन्हींत वेगळं पास व्हावं लागतं. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. इथे दोन ठिकाणी लोक चुकतात. एक म्हणजे परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, प्रवेश घेतला म्हणून हॉल तिकीट आपोआप येत नाही. दुसरं, पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी वेळेत करावी लागते, मग आधीचे पेपर दिलेले असोत वा नसोत. अभ्यास झालेला असूनही या दोन तारखा हुकल्यामुळे माणूस सहा महिने किंवा वर्षभर मागे पडतो. घरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी या तारखा लाल पेनाने लिहून ठेवा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तोही त्याच कॅलेंडरवर बघून स्वाध्याय आधी संपवावेत.

खरी फी वेळेची

दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. वाचन, स्वाध्याय, संपर्क सत्र सगळं मिळून. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. दिवसाला एक तास दिला तर सहा महिन्यांत साधारण १८० तास होतात, म्हणजे दीड विषय. दोन तास दिले तर तीन विषय. हा ढोबळ हिशेब आहे, कोणाला कमी वेळ पुरेल, कोणाला जास्त लागेल. पण "अधूनमधून वाचू" म्हणून पदवी होत नाही, हे त्यातून कळतं. म्हणूनच कमाल मुदत मोठी ठेवलेली आहे. इग्नूचं तीन वर्षांचं बी.ए. सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येतं. सहा वर्षं लागली तर लागू द्या, पण सोडू नका.

आता हा दोन तासांचा वेळ येणार कुठून? पुरुष दुकान बंद करून ईशानंतर बसू शकतो, त्याला चहा आणून देणारं कोणीतरी असतं. बाईला तो वेळ घरानेच द्यावा लागतो. फजरनंतरचा तास कोणाच्या डब्यात जातो, मगरिबनंतरचा कोणाच्या होमवर्कमध्ये. "शिक की, कोण अडवतंय?" असं म्हणणं सोपं आहे. रोज एक ठरलेला तास तिला कोणी हाक मारणार नाही, रात्रीची भांडी दुसरं कोणीतरी घासेल, परीक्षेच्या दिवशी पाहुणे बोलावले जाणार नाहीत, एवढं ठरलं तरच त्या परवानगीला अर्थ आहे. सासूबाईंनी आणि नवऱ्याने हे एकदा ठरवलं की मुलंही शिकतात. अम्मी पुस्तक घेऊन बसली आहे, म्हणजे आपणही बसायचं.

या पदवीची किंमत काय?

"बाहेरून केलेली डिग्री" म्हणून नाक मुरडणारे भेटतील. नियम स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची दूरशिक्षणातली पदवी कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा जाहीर केलं. स्पर्धा परीक्षा, पदव्युत्तर प्रवेश, खात्यातली बढती यांसाठी ती चालते. त्याच वर्षापासून नियमित पदवीबरोबर दूरशिक्षणातली दुसरी पदवी एकाच वेळी करायलाही परवानगी आहे.

मात्र पदवी मिळाली की नोकरी मिळालीच, असं आम्ही सांगणार नाही. संगणक, टायपिंग, बोलण्याचा सराव हे सोबत लागतं. पण बारावी पूर्ण झालेली बाई अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी अर्ज करू शकते, पदवीधर माणूस स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरू शकतो, आणि बँकेचा कागद वाचल्याशिवाय त्यावर सही करत नाही.

सुरुवात या आठवड्यात करता येईल. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड एका फाइलमध्ये ठेवा आणि तिन्हींवरचं नाव एकमेकांशी ताडून पाहा. दूरशिक्षणाचे प्रवेश साधारण जुलै आणि जानेवारीच्या सुमारास सुरू होतात, पण सगळी विद्यापीठं दोन्ही वेळा प्रवेश देत नाहीत. तोवर कागद तयार असले पाहिजेत. फॉर्म भरताना अडलं तर मोहल्ल्यातल्या शाळेत या आणि शिक्षकांना विचारा. विचारायला वयाची अट नाही.