एव्हरेस्टवरचं दुसरं उड्डाण

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की स्वतःला आधी एक प्रश्न विचारा: माझं काम 'झालं' असं मी कधी म्हणणार? १९३३ ची एव्हरेस्ट विमानमोहीम यासाठी वाचण्यासारखी आहे.

फेब्रुवारीत तीन छोटी मॉथ विमानं इंग्लंडहून टप्प्याटप्प्याने भारताकडे निघाली. शिखरावर जाणारी दोन मोठी वेस्टलँड विमानं जहाजाने कराचीला आली. तळ होता बिहारमधल्या पूर्णियाजवळ. तिथे फुगे सोडून वरच्या हवेतला वारा मोजायचे. ३ एप्रिलला सकाळी एक मॉथ आधी वर जाऊन आकाश बघून आलं, मगच मोठी विमानं उडाली. क्लाइड्सडेल आणि मॅकिंटायर या वैमानिकांनी ती एव्हरेस्टच्या माथ्यावरून नेली. इतिहासात पहिल्यांदाच!

पण मोहिमेचं एक मुख्य काम होतं नकाशासाठी हवाई छायाचित्रं घेणं. खालच्या डोंगरांवर धुळीचा पडदा होता. आधी मोजलेली ठिकाणंच फोटोत दिसली नाहीत, तर शिखराचे फोटो नकाशावर बसवायचे कशाच्या आधाराने? म्हणजे उड्डाण यशस्वी, डेटा निकामी.

१९ एप्रिलला वरून नकार असतानाही ते पुन्हा उडाले आणि कामाची छायाचित्रं तेव्हा मिळाली. नियम मोडा असं मी सांगत नाहीये हं! उलट, दुसऱ्या फेरीसाठी लागणारा वेळ, पैसा आणि परवानगी पहिल्याच प्लॅनमध्ये मागून ठेवा. पहिल्या फेरीत धूळ असणारच.