कोणता तंतू कापायचा?

आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांच्या वर्गात कधी एखादे मूल असे येते की त्याच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत, गुडघे एकमेकांना घासतात आणि पावले कात्रीसारखी पडतात. डॉक्टरांनी ‘सेरेब्रल पाल्सी’ असे निदान केलेले असते. मेंदूला इजा झालेली असताना काही मुलांना पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया का सुचवतात, असा प्रश्न मग पालकांना पडतो. त्याचे उत्तर शोधायला शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

वर्गात शिकवतो ती प्रतिक्षिप्त क्रिया आठवू या. स्नायू ताणला गेला की ती वर्दी संवेदी तंतूंवाटे, पाठीकडच्या मुळातून मेरुरज्जूत जाते. पोटाकडच्या मुळातून स्नायूला आकुंचनाचा हुकूम येतो. या क्रियेवर मेंदूचा लगाम असतो. मेंदूला इजा झाली की लगाम सैल पडतो आणि स्नायू ताठ राहतात.

१८९८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी मेंदूचा वरचा भाग तोडलेल्या मांजरावर प्रयोग केला. ताठ झालेला पाय पाठीकडची मुळे कापताच सैल पडला. १९०८ साली ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथील ओटफ्रीड फोर्स्टर यांनी हाच उपाय रुग्णांवर केल्याचे प्रसिद्ध केले. ताठरपणा कमी झाला, पण किंमत मोठी होती. स्पर्श, वेदना आणि पाऊल कुठे पडले याची जाणीव त्याच मुळांतून जाते. सबंध मुळे कापली तर तीही जाण्याचा धोका. ही शस्त्रक्रिया पुढे मागे पडली.

१९६७च्या सुमारास फ्रान्समध्ये क्लोद ग्रो यांनी प्रत्येक मुळाचा काही भाग शाबूत ठेवला. पण कोणता भाग ठेवायचा? १९७०च्या दशकात इटलीतील तुरीन येथे व्हिक्टर फासानो यांनी हे तंतूंनाच विचारायचे ठरवले. मुळाचे बारीक धागे सुटे करून प्रत्येकाला हलका विद्युत्‌प्रवाह द्यायचा. पायाच्या स्नायूंत टोचलेल्या सुया प्रतिसाद नोंदवतात. स्नायू क्षणभर आकसून शांत झाला, तर धागा ठेवायचा. आकुंचन चालूच राहिले किंवा दुसऱ्या पायापर्यंत पसरले, तर तो कापायचा. स्नायू शिथिल करणारे औषध दिले तर हा प्रतिसादच दिसणार नाही, म्हणून भूलतज्ज्ञालाही त्यावेळी ते टाळावे लागते.

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या वॉरविक पीकॉक यांनी १९८२ साली आणखी एक सुधारणा प्रसिद्ध केली. त्यांनी शस्त्रक्रिया कमरेच्या भागात, खाली आणली. तिथे मुळे एकेकटी ओळखता येतात आणि लघवीवर ताबा ठेवणारी मुळे वाचवणे सोपे जाते.

मात्र ही चाचणी अचूक निवड करतेच, असे सर्व तज्ज्ञ मानत नाहीत. ताठरपणा नसलेल्या व्यक्तींतही कधी तसाच ‘बिघडलेला’ प्रतिसाद मिळतो. १९९७-९८ मध्ये व्हँकुव्हर आणि टोरांटो येथील चाचण्यांत शस्त्रक्रियेचा फायदा दिसला. सिॲटलच्या चाचणीत हालचालींच्या क्षमतेत केवळ व्यायामोपचारापेक्षा जास्त फरक आढळला नाही. मुळे नेमकी ओळखायला आणि जपायला विद्युत् चाचणीचा उपयोग आजही होतो. पण मूल पारखून निवडणे आणि शस्त्रक्रियेनंतर अनेक महिने व्यायाम करणे, याला पर्याय नाही.

शस्त्रक्रियेने ताठरपणा उतरतो. मेंदूची इजा भरून येत नाही. म्हणून या मुलांचे शिक्षण शस्त्रक्रियेवर अडून राहता कामा नये. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ साली ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन करून अशा मुलांसाठी शाळा सुरू केली, ती याच जाणिवेतून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट उल्लेख आहे. पाय अडखळणाऱ्या मुलाची बुद्धी अडखळतेच असे नाही. त्याचे बाक दाराजवळ ठेवणे आणि लिहायला जादा वेळ देणे एवढे तर आपल्या हाती आहे.