मेड इन इंडिया (अल्बम)

‘मेड इन इंडिया’ हा गायिका अलिशा चिनॉय यांचा १९९५ साली प्रकाशित झालेला हिंदी पॉप गीतांचा अल्बम आहे. त्याचे संगीत बिड्डू यांचे असून तो मॅग्नासाउंड या कंपनीने बाजारात आणला. अल्बमच्या नावाचेच गीत त्यात आहे आणि ते विशेष गाजले. चित्रपटाशी संबंध नसलेल्या एका गायिकेच्या ध्वनिफिती चित्रपटगीतांच्या बरोबरीने खपू शकतात, हे या अल्बममुळे दिसून आले. भारतीय पॉप संगीताच्या, म्हणजे ‘इंडिपॉप’च्या, इतिहासात त्याचे स्थान त्यामुळे महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

अलिशा चिनॉय यांचे मूळ नाव सुजाता. त्यांचा पहिला अल्बम ‘जादू’ १९८५ साली आला. त्याच सुमारास त्या बप्पी लाहिरी यांच्याकडे चित्रपटांसाठी गाऊ लागल्या. ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) या चित्रपटातील किशोर कुमार यांच्यासोबतचे त्यांचे युगुलगीत लोकप्रिय झाले. मॅडोना या अमेरिकन गायिकेच्या गीतांच्या हिंदी आवृत्त्याही त्यांनी गायल्या. परिणामी ‘भारताची मॅडोना’ हे बिरुद त्यांना चिकटले. ते गौरवाचे असले तरी उसनेच होते.

बिड्डू मूळचे बंगळुरूचे. इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर त्यांनी निर्मिलेले कार्ल डग्लस यांचे ‘कुंग फू फायटिंग’ (१९७४) हे गीत जगभर गाजले होते. ‘कुर्बानी’ (१९८०) चित्रपटातील नाझिया हसन यांचे गीत आणि पाठोपाठ आलेला ‘डिस्को दीवाने’ (१९८१) हा अल्बम यांमुळे ते भारतातही घरोघरी पोहोचले. ‘मेड इन इंडिया’ हे गीत त्यांनी प्रथम नाझिया हसन यांनाच देऊ केले होते, परंतु पाकिस्तानातील श्रोते दुखावतील म्हणून त्यांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. अशा रीतीने ते अलिशा चिनॉय यांच्याकडे आले.

नाव आणि काळ

परदेशी मालाचे आकर्षण ही १९९१ पूर्वीच्या मध्यमवर्गाची ओळखीची गोष्ट होती. घड्याळ, सुगंधी द्रव्ये किंवा टेपरेकॉर्डर परदेशी असणे हेच प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. मुंबईलगतच्या उल्हासनगरात तयार होणाऱ्या मालावरील ‘मेड इन यूएसए’ या शिक्क्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा होतो, हा विनोद ठाणे जिल्ह्यात अजूनही सांगितला जातो. अशा वातावरणात जग पाहून आलेली नायिका आपल्याला भारतीय हृदयच हवे असे ठासून सांगते, ही या गीताची कल्पना श्रोत्यांना चटकन भावली. गीताचा ठेका मात्र पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा आहे. स्वदेशीचा हा उद्घोष पाश्चात्त्य साजात यावा, यातली विसंगती तेव्हा फारशी कोणाला खटकली नाही.

चित्रफीत

गीताच्या यशात चित्रफितीचा वाटा मोठा होता. केन घोष यांनी तिचे दिग्दर्शन केले. तीत अलिशा राजकन्येच्या रूपात दिसतात. विवाहोत्सुक पुरुष एकामागून एक त्यांच्या पसंतीस उतरत नाहीत आणि अखेरीस एका पेटीतून मिलिंद सोमण प्रकट होतात. दादरच्या शिवाजी पार्क परिसरात वाढलेले सोमण तोवर जलतरणपटू आणि जाहिरातींतील मॉडेल म्हणून परिचित होते. या चित्रफितीने ते देशभर पोहोचले.

उपग्रह वाहिन्या आणि केबल यांचा प्रसार नुकताच झाला होता. संगीतवाहिन्यांना दाखवण्यासाठी भारतीय चित्रफिती हव्या होत्या आणि ही चित्रफीत त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवली.

विक्री आणि परिणाम

अल्बमच्या खपाचे आकडे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे दिले जातात, तथापि तो लाखांच्या घरात होता. आकड्यापेक्षा महत्त्वाचा बदल ध्वनिफितीच्या वेष्टनावर दिसतो. चित्रपटाच्या ध्वनिफितीवर नायक-नायिकेची छबी असे आणि पार्श्वगायिकेचे नाव बारीक अक्षरांत. येथे चेहरा गायिकेचा होता, नाव गायिकेचे होते आणि दुकानात ग्राहक तिच्याच नावाने ध्वनिफीत मागत होता. पार्श्वगायिकेला, कितीही थोर असली तरी, हे क्वचितच लाभत असे.

मॅग्नासाउंडने याआधी बाबा सेहगल यांचा ‘ठंडा ठंडा पानी’ यशस्वी केला होता. १९९५ मध्येच दलेर मेहंदी यांचा ‘बोलो ता रा रा’ही याच कंपनीने काढला. पुढच्या वर्षी लकी अली यांचा ‘सुनो’ आला. मराठीत मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ आणि नंतर वैशाली सामंत व अवधूत गुप्ते यांचे ‘ऐका दाजिबा’ यांनी चित्रपटाबाहेरचा श्रोता मिळवला. त्यांची घडण वेगळी असली, तरी वाहिन्यांवरील चित्रफितीचा आधार त्यांनाही झाला.

ही लाट फार काळ टिकली नाही. एमपीथ्रीच्या अनधिकृत तबकड्यांनी ध्वनिफितींचा धंदा मोडला, तर हिंदी चित्रपटसंगीताने पॉपचा ठेका आणि आवाज दोन्ही आपलेसे केले. अलिशा चिनॉय यांना त्यानंतरचे मोठे यश चित्रपटातच मिळाले. ‘बंटी और बबली’ (२००५) मधील ‘कजरा रे’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार देण्यात आला. पडद्यावर ते गीत ऐश्वर्या राय यांच्यावर चित्रित झाले आहे.