पॅराथायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर हृदय सुधारते का?

थोडक्यात उत्तर: हो, बऱ्याच रुग्णांत सुधारते, विशेषतः आजार वाढलेला असेल तर. आजार सौम्य असेल तर फारसा फरक दिसेलच असे नाही.

पॅराथायरॉईड म्हणजे काय?

गळ्यात थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार ग्रंथी असतात. नाव सारखे असले तरी त्यांचे काम थायरॉईडपेक्षा वेगळे आहे. त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात आणि रक्तातले कॅल्शियम योग्य पातळीवर ठेवतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात ही ग्रंथी पहिल्यांदा नोंदली गेली. माणसातल्या ग्रंथींचे वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या ईवार सँडस्ट्रोम यांनी केले.

यातली एखादी ग्रंथी, बहुतेक वेळा कर्करोग नसलेल्या साध्या गाठीमुळे, गरजेपेक्षा जास्त पीटीएच सोडू लागते. मग हाडांतले कॅल्शियम रक्तात येते. हाडे दुखतात, किरकोळ पडण्यानेही मोडतात, मुतखडे पुन्हा पुन्हा होतात, थकवा आणि बद्धकोष्ठता राहते.

याचा हृदयाशी काय संबंध?

हृदयाचे प्रत्येक आकुंचन कॅल्शियमवर चालते. कॅल्शियम आणि पीटीएच दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर रक्तदाब वाढू शकतो, डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते आणि झडपांवर कॅल्शियम साचू शकते. ईसीजीत क्यूटी हे अंतर कमी झालेले दिसते.

गंमत अशी की टू-डी इकोमध्ये 'ईएफ' म्हणजे पंपिंगची टक्केवारी बहुधा नॉर्मलच येते. बिघाड असतो तो हृदय सैल होऊन रक्त भरून घेण्यात. म्हणून फक्त ईएफचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर काय बदलते?

लखनौच्या संजय गांधी पीजीआय संस्थेतल्या डॉक्टरांनी लक्षणे असलेल्या रुग्णांचा निरोगी लोकांशी तुलना करून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांत हृदयाचे सैल होणे आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे काम सुधारलेले दिसले. झडपांवर साचलेले कॅल्शियम मात्र सहसा निघून जात नाही. वाढलेला रक्तदाबही प्रत्येकाचा उतरत नाही. त्यामुळे बीपीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

मग सगळ्यांनी शस्त्रक्रिया करावी का?

नाही. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या सौम्य आजाराच्या १९१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. दहा वर्षांनंतर शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या गटांत मृत्यू किंवा हृदयविकाराच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेचा निर्णय कॅल्शियमची पातळी, हाडे, मूत्रपिंड आणि वय पाहून होतो. हृदयाला होणारा फायदा ही जोडीला मिळणारी गोष्ट.

आपल्याकडचे चित्र मात्र वेगळे आहे. पाश्चात्त्य देशांत हा आजार नेहमीच्या रक्ततपासणीत लवकर सापडतो. भारतात पुष्कळ रुग्ण हाडे मोडल्यावर किंवा मुतखडे झाल्यावरच कळतात.

पहिल्या काही दिवसांत काय सांभाळायचे?

गाठ निघाली की भुकेली हाडे रक्तातले कॅल्शियम झपाट्याने ओढून घेतात. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या येणे, पेटके येणे ही त्याची लक्षणे. आता क्यूटी लांबते आणि ठोके बिघडू शकतात. अशी लक्षणे दिसली तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच रुग्णालयात जा. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणेच घ्या.

तपासणी कुठून सुरू करायची?

वारंवार मुतखडे किंवा हाडदुखी असेल, तर डॉक्टरांना रक्तातल्या कॅल्शियमबद्दल विचारा. ही साधी रक्ततपासणी आहे. कॅल्शियम जास्त आले तर पुढे पीटीएच तपासतात. कुंभिवली, खोपोली, कर्जत भागातल्या रुग्णांना पुढच्या उपचारासाठी मुंबईत परळचे केईएम रुग्णालय आहे. तिथे अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे.